निम्मं-निम्मं

बुटीबोरीच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला
तेव्हा मी एसी बंद करून हीटर लावला,
मे महिन्यात, दुपारी अडीचला,
चारही काचा खाली.
कुणीतरी सांगितलं होतं, इंजिनची धग अशी वाटून घेता येते.
घेतली. चौकापर्यंत थांबत थांबत घेतली.

गोळीबार चौकात हेडाऊ मिस्त्रीनं
झाकणाला हात लावू दिला नाही.
"थांबा जी. आत्ता उघडलं तं तोंडावर येते.
गाडीले निवू द्या."
मग पाऊण तास आम्ही दोघं
एका बंद झाकणाकडे पाहत चहा प्यायलो.

निघालं ते विटकरी, गढूळ,
आणि तळाशी पांढरे पापुद्रे,
ओळखीचे.
कूलरच्या टाकीतून, गवताच्या जाळीवरून
दर उन्हाळ्यात खरवडते मी तेच.
"बोअरचं टाकत होत्या न?"
मान हलवली.
तहानलेल्याला पाणी द्यावं,
यापलीकडे मला कुणी शिकवलं नव्हतं.

फळीवर बाटल्या: हिरवी, गुलाबी, निळी, नारिंगी.
मी म्हटलं, आधी हिरवं होतं, हिरवंच द्या.
तो हसला. त्याच्या बापाचा हातमाग होता,
अंगणात रंगाच्या कढया.
"सुताले कोणताही रंग चढवा, सूत तेच राहते.
इथं तं दोन हिरव्याईच्या आत दोन वेगळे माल निघते.
रंग कंपनीवाला टाकते, गळती दिसावी म्हणून.
रंगावर नका जाऊ. मागचं वाचा."

गाडीच्या पुस्तकात होतं ते नाव शोधलं. गुलाबीवर निघालं.
खाली लिहिलेलं: उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही.
रस्त्यावर डांबर चपलांना धरून ठेवत होतं.
"मग आपल्याला कशाला हे?"
"गोठाचं सोडा जी. उकळाचं पाहा.
नुसतं पाणी लवकर उकळते,
गंज धरते.
नुसतं हे टाकलं तं उष्णता नेत नाही नीट.
निम्मं-निम्मं."

तीनदा आतून धुतलं,
पाणी निवळशंख येईपर्यंत.
"जुनं थोडं राहिलं तर?"
"दोन जातीचं मिसळलं तं दही होते आत,"
म्हणाला, आणि थबकला.
माझ्या बिलावरचं आडनाव त्यानंच लिहिलं होतं,
माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.
"कूलंटचं सांगतो जी."
"आमचं बावीस वर्षं झाली," मी म्हटलं,
"अजून पातळच आहे."
मग दोघंही जरा जास्तच हसलो.

बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं संकेतनं, त्याच्या पोरानं.
बाटली कापून केलेलं माप.
एक याचं, एक त्याचं,
आणि काडीनं ढवळलं, रसनासारखं.
थेंबभर सांडलं फरशीवर
आणि हातगाडीखालचं कुत्रं उठून आलं.

हेडाऊ ओरडला तसा तोपर्यंत ओरडला नव्हता.
चप्पल फेकली, बादली उपडी केली, वर रेती टाकली.
"गोड असते न ते," धापा टाकत म्हणाला.
"मुकं जनावर. चाटते, अन् दोन दिवसानं जाते."
पुढं बोलला नाही.
संकेत खाली बघत रेती पसरत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.
मी विचारलं नाही, कोणतं कुत्रं.

उरलेलं मिश्रण घरी आणलं.
बाटलीवर जाड पेनानं लिहिलं: विष. पिऊ नये.
तरी समाधान होईना, म्हणून कवटी काढली,
ती हसरी आली.
माळ्यावर, पार मागे.

सकाळी, इंजिन गार असताना, बोनेट उघडलं.
दोन रेघांच्या मध्ये गुलाबी, स्थिर.
राजरत्न खिडकीशी उभा,
कूलरमध्ये बोअरचा पाइप सोडून,
जाळीवर पहिलं पाणी उतरायची वाट बघत.
"यालाही निम्मं-निम्मं घालायचं का?"
मी त्याला खरवडणी दिली हातात.